क्रम बदलतो, तेव्हा नावांचे काय होते?

शाळेत दोन प्रकारच्या याद्या रोज हाताळल्या जातात. हजेरीपटावर मुलांची नावे ठरलेल्या क्रमाने असतात. परीक्षेनंतर आपण तीच नावे गुणांच्या क्रमाने पुन्हा लिहितो. मुले तीच आणि गुणही तेच, फक्त मांडणी वेगळी. पहिल्या यादीत ‘अमुक मुलाचे गुण किती?’ हे चटकन सापडते. दुसऱ्या यादीत ‘सर्वांत जास्त गुण कोणाचे?’ आणि ‘मदतीची गरज कोणाला?’ हे कळते. पहिल्या यादीवरून दुसरी तयार करणे हे काम इतके साधे वाटते की त्याला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. प्रत्यक्षात या कामासाठी माणसाने शंभर वर्षांहून अधिक काळ युक्त्या शोधल्या आहेत, आणि संगणकाच्या भाषांत त्यातील एक अडचण तर अगदी २०२० साली दूर झाली.

एक खरे उदाहरण घेऊ. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात जामसर हे गाव आहे. तेथील मुलांनी विचारले, ‘आपला तालुका लोकसंख्येने जिल्ह्यात कितवा?’ तर उत्तर कसे काढायचे? १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि त्यात आठ तालुके आले. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या वर्णक्रमाने अशी:

जव्हार – १,४०,१८७
डहाणू – ४,०२,०९५
तलासरी – १,५४,८१८
पालघर – ५,५०,१६६
मोखाडा – ८३,४५३
वसई – १३,४३,४०२
वाडा – १,७८,३७०
विक्रमगड – १,३७,६२५

एकूण बेरीज २९,९०,११६. या यादीत प्रत्येक ओळ म्हणजे एक जोडी आहे: डावीकडे नाव, उजवीकडे त्याचे मूल्य. संगणकाच्या भाषेत अशा यादीला ‘असोसिएटिव्ह अ‍ॅरे’ म्हणतात. आपण तिला जोडयादी म्हणू. मोठ्या आकड्यापासून लहान आकड्याकडे लावली तर क्रम येतो: वसई, पालघर, डहाणू, वाडा, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा. म्हणजे जव्हार सहावा.

आता एक चूक मुद्दाम करून पाहू. नावांचा स्तंभ तसाच ठेवून फक्त आकड्यांचा स्तंभ चढत्या क्रमाने लावला, तर जव्हारपुढे ८३,४५३ येतात, डहाणूपुढे १,३७,६२५ आणि सर्वांत शेवटी विक्रमगडपुढे वसईचे १३,४३,४०२! एकही आकडा बदललेला नाही. बेरीज करून तपासली तर ती बरोबर २९,९०,११६ भरते. म्हणजे हिशेब तपासण्याची आपली नेहमीची पद्धत येथे निरुपयोगी ठरते. आकडे सगळे खरे आणि यादी पूर्ण खोटी. मूल्यानुसार क्रमवारी लावताना सांभाळायची पहिली गोष्ट हीच: आकडा हलला की त्याचे नाव त्याच्याबरोबर हलले पाहिजे.

चिठ्ठीची युक्ती

मोठ्या प्रमाणावर ही अडचण प्रथम जनगणनेच्या कचेऱ्यांत आली. भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी एकाच वेळी सर्व देशाची शिरगणती होऊ लागली. सुरुवातीला कारकून गणनेच्या वह्या पाहून मोठ्या तक्त्यांत रेघा मारीत आणि शेवटी रेघा मोजीत. या पद्धतीत माणसाची नोंद वहीतच राहते. तक्त्यावर जाते ती फक्त एक रेघ. रेघ चुकीच्या रकान्यात पडली तर ती कोणाची होती हे नंतर सांगता येत नाही.

१९०१ च्या जनगणनेत यासाठी चिठ्ठी पद्धत आणली गेली. बव्हेरियातील संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांच्या पद्धतीवरून ती घेतली होती. प्रत्येक माणसासाठी एक स्वतंत्र चिठ्ठी. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे, खुणेवरून स्त्री की पुरुष हे कळे आणि बाकीची माहिती चिठ्ठीवर लिहिलेली असे. मग या चिठ्ठ्या कप्प्यांत टाकायच्या. एकदा वयानुसार, ते मोजून झाले की पुन्हा एकत्र करून भाषेनुसार. कितीही वेळा वेगळ्या क्रमाने लावा, माणसाची माहिती एकमेकींपासून सुटत नाही, कारण ती एकाच कागदावर आहे. जामसर ज्या तालुक्यात आहे तो जव्हारचा परिसर तेव्हा मुकणे घराण्याच्या संस्थानात होता. ३१० चौरस मैलांच्या या संस्थानची लोकसंख्या १९०१ साली ४७,५३८ नोंदली गेली.

त्याच सुमारास अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ यांनी चिठ्ठीऐवजी जाड कार्ड घेतले आणि लिहिण्याऐवजी त्याला भोके पाडली. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत सुमारे ६.३ कोटी माणसांची मोजणी या कार्डांनी झाली. भोकातून विजेचा प्रवाह गेला की मोजपट्टीचा काटा पुढे सरके आणि कार्ड कोणत्या कप्प्यात ठेवायचे तेही यंत्र दाखवी. हॉलेरिथ यांनी १८९६ मध्ये काढलेली कंपनी १९११ च्या विलीनीकरणानंतर १९२४ मध्ये आयबीएम या नावाने ओळखली जाऊ लागली.

पुढे कार्डे आपोआप वेगळी करणारी यंत्रे आली. ही यंत्रे एका वेळी आकड्यातील एकच अंक पाहत. मग अनेक अंकी संख्यांचा क्रम कसा लावायचा? येथे एक गंमत आहे. आपल्याला वाटेल, आधी सर्वांत डावीकडचा अंक पाहावा. कार्डे लावणारे मात्र एकक स्थानापासून सुरुवात करीत. ५२, ४७ आणि ४२ अशी तीन कार्डे घ्या. एककाप्रमाणे कप्प्यांत टाकली की क्रम होतो ५२, ४२, ४७. आता दशकाप्रमाणे टाका. चारच्या कप्प्यात आधी ४२ आणि मग ४७ पडते, पाचच्या कप्प्यात ५२. उचलून एकत्र केली की ४२, ४७, ५२.

हे जमले कशामुळे? दुसऱ्या फेरीत ४२ आणि ४७ दोघांचा दशक सारखाच होता. यंत्राच्या दृष्टीने ती समान होती. समान असलेल्यांचा आधीचा क्रम यंत्राने बदलला नाही, म्हणूनच पहिल्या फेरीचे काम टिकले. या गुणाला क्रमवारीची ‘स्थिरता’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

नावावरून कप्पा

संगणक आल्यावर कार्ड गेले आणि स्मृतीतील जागा आल्या. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी दोन लावलेल्या गठ्ठ्यांची जुळणी करत मोठा गठ्ठा लावण्याची रीत मांडली. १९५९ साली मॉस्को विद्यापीठात शिकत असताना टोनी होअर यांना दुसरी रीत सुचली. एक आकडा मध्यस्थ धरायचा, त्याच्याहून लहान ते एका बाजूला आणि मोठे ते दुसऱ्या बाजूला करायचे, आणि प्रत्येक बाजूवर हीच कृती पुन्हा करायची. ही ‘क्विकसॉर्ट’ रीत वेगवान असल्याने फार लोकप्रिय झाली. मात्र तिच्यात आकडे लांबच्या उड्या मारून जागा बदलतात, त्यामुळे समान मूल्य असलेल्यांचा आधीचा क्रम टिकेलच असे नाही. कार्डांच्या यंत्राकडे असलेली स्थिरता येथे वेगापायी सुटली.

दुसरा प्रश्न होता नावावरून मूल्य झटकन शोधण्याचा. १९५३ साली आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी सुचवले की नोंदीच्या खुणेवर ठरलेले गणित करून एक क्रमांक काढावा आणि नोंद त्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवावी. शोधताना पुन्हा तेच गणित केले की थेट त्याच कप्प्याशी पोचता येते. सगळी यादी चाळावी लागत नाही. या पद्धतीला ‘हॅशिंग’ म्हणतात. तिची किंमत अशी की नोंदी कप्प्यांत अस्ताव्यस्त पसरतात. जव्हार आणि डहाणू शेजारी राहतील याची खात्री नसते.

१९७७ साली बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी ‘ऑक’ ही भाषा तयार केली. तिच्यात जोडयादी सहज वापरता येई, पण तिला स्वतःचा भरवशाचा क्रम नसे. क्रम हवा तर जोड्या ओळीओळीने बाहेर काढून वेगळ्या कार्यक्रमाकडून लावून घ्याव्या लागत. १९८७ मध्ये आलेल्या लॅरी वॉल यांच्या ‘पर्ल’ भाषेत आणखी एक वाट रूढ झाली. जोडयादी जशी आहे तशी राहू द्यायची आणि फक्त नावांची यादी लावायची. मात्र दोन नावांची तुलना करताना त्यांची मूल्ये पाहायची. लोकसंख्या जागची हलतच नाही, हलतात ती नावे. नाव आणि मूल्य वेगळे होण्याचा धोका येथे मुळातच टळतो.

पीएचपीची वाट

१९९४ साली रासमुस लेर्दोर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानाला कोण भेट देते हे पाहण्यासाठी काही छोटी साधने लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. त्यातूनच पीएचपी ही भाषा घडली. इस्रायलमधील अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. पुढे जगातील असंख्य संकेतस्थळे याच भाषेत चालली.

पीएचपीने जोडयादीबाबत एक वेगळा निर्णय घेतला. नावावरून शोधण्यासाठी कप्पे ठेवले आणि त्याचबरोबर नोंदी कोणत्या क्रमाने आल्या तेही जपले. म्हणजे येथे जोडयादीला स्वतःचा क्रम असतो आणि तो आपण बदलूही शकतो. त्यासाठी वेगवेगळ्या आज्ञा आहेत. ‘केसॉर्ट’ नावांनुसार लावते. ‘एसॉर्ट’ मूल्यांनुसार चढता क्रम लावते आणि ‘एआरसॉर्ट’ उतरता; दोन्हींत नावे आपापल्या मूल्यांना बिलगून राहतात. आणि नुसती ‘सॉर्ट’? तीही मूल्ये चढत्या क्रमाने लावते, पण नावे टाकून देते आणि त्यांच्या जागी शून्यापासून क्रमांक घालते. आपल्या आठ तालुक्यांवर ‘सॉर्ट’ चालवली तर आठ आकडे उरतात आणि जव्हार कोठेच सापडत नाही. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सांगितलेले काम झालेले आहे. आज्ञेच्या नावात फरक एका अक्षराचा आहे. चिठ्ठी आणि रेघ यांच्यातील फरकच येथे परत आला.

दुसरी मेख तुलनेत आहे. संगणकाला ‘लहान’ आणि ‘मोठे’ हे दोन प्रकारे कळते. संख्या म्हणून पाहिले तर ८३४५३ हा १३४३४०२ पेक्षा लहान. शब्द म्हणून पाहिले तर तुलना पहिल्या अक्षरापासून होते, जशी शब्दकोशात. मग १ हा ८ च्या आधी येतो आणि तेथेच निकाल लागतो. आठही आकडे शब्द मानून चढत्या क्रमाने लावले तर वसई पहिली येते आणि मोखाडा शेवटचा. सर्वांत मोठा तालुका सर्वांत लहान ठरतो आणि सर्वांत लहान सर्वांत मोठा! पीएचपी इंग्रजी अंकांत लिहिलेली संख्या अवतरणचिन्हांत असली तरी ओळखते. पण आपण हौसेने ‘८३४५३’ असे देवनागरी अंक लिहिले, किंवा आकड्यांत स्वल्पविराम ठेवले, तर तिला ती संख्या वाटत नाही, शब्द वाटतो. मराठीतून माहिती भरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. आत साधे अंक ठेवावेत आणि देवनागरी रूप फक्त दाखवताना द्यावे.

सतरावा विद्यार्थी

आता स्थिरतेकडे वळू. समजा हजेरी क्रमांकाने लिहिलेली गुणांची जोडयादी आपण गुणांनुसार उतरती लावली आणि दोन मुलांना ७२ गुण आहेत. त्यांपैकी आधी कोण? बहुतेक शिक्षक म्हणतील, ज्याचा हजेरी क्रमांक आधी तो. ही अपेक्षा म्हणजेच स्थिरता. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्या क्विकसॉर्ट वापरीत आणि हा क्रम पाळण्याचे वचन देत नसत. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत मिश्र रीत आली. यादीत सोळापर्यंत नोंदी असतील तर सोपी आणि स्थिर रीत वापरली जाई. त्याहून अधिक असतील तर स्थिर नसलेली. परिणाम विचित्र होता. सोळा मुलांच्या वर्गात कार्यक्रम तपासून पाहावा तर सारे ठीक. सतरावे मूल दाखल झाले की समान गुणांच्या मुलांचा क्रम बदलू शके, आणि कारण शोधूनही लवकर सापडत नसे. २६ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या आठव्या आवृत्तीपासून पीएचपीतील क्रमवारी स्थिर झाली. युक्ती साधी होती: प्रत्येक नोंदीजवळ तिचा मूळ क्रमांक ठेवायचा आणि मूल्ये समान निघाली तर तो पाहायचा.

पण स्थिरता म्हणजे न्याय नव्हे. शिष्यवृत्तीला पहिली दहा मुले घ्यायची आहेत आणि दहाव्या व अकराव्या मुलाचे गुण सारखे आहेत, तर स्थिर यंत्र हजेरीपटावर आधी असलेल्याला निवडील. हजेरीपट आडनावांच्या वर्णक्रमाने असेल तर ‘अ’ने सुरू होणाऱ्या आडनावाला दरवेळी लाभ आणि ‘व’ला दरवेळी तोटा. समान मूल्य आले तर पुढे काय पाहायचे हा नियम माणसांनी आधी ठरवायचा असतो. तो ‘यूसॉर्ट’ या आज्ञेला सांगता येतो, पण त्यातही तोच खाचखळगा: ‘यूसॉर्ट’ नावे टाकून देते. नावे जपायची तर ‘यूएसॉर्ट’ वापरावी लागते.

याद्यांच्या टोकाला कोण आहे याला जव्हार-मोखाड्यात फार मोठा अर्थ आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषणाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीत मुलांची वजने घेऊन नोंदवली जातात. ही नोंद म्हणजे एक जोडयादीच: मुलाचे नाव आणि वजन. आपण ती वजनानुसार चढती लावली तर वरच्या टोकाला कोण येईल? सर्वांत अशक्त मूल नव्हे, बहुधा सर्वांत लहान वयाचे बाळ. सहा महिन्यांच्या बाळाचे ७ किलो वजन ठीक म्हणता येईल. तीन वर्षांच्या मुलाचे तेवढेच वजन असेल तर ते धोक्यात आहे. म्हणून नुसते वजन घेऊन चालत नाही. वयाच्या मानाने वजन किती कमी आहे हे आधी काढावे लागते आणि त्या मूल्यानुसार यादी लावावी लागते. कोणते मूल्य निवडले यावर टोकाला कोणाचे नाव येणार ते ठरते. यंत्र ते ठरवीत नाही. आणि त्या नावापासून आकडा सुटला, तर आरोग्यसेविका ज्या घरी जायला हवी तेथे न जाता दुसऱ्याच घरी जाईल. गावातील मुलांचे सरासरी वजन मात्र तेव्हाही अगदी बरोबर निघेल.

हे सारे वर्गात संगणकाशिवाय करून पाहता येते. जुन्या वहीच्या कागदाच्या वीस चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर एका गावाचे किंवा पाड्याचे नाव आणि त्यापुढे एक दोन अंकी संख्या लिहा. तीन-चार चिठ्ठ्यांवर मुद्दाम सारखी संख्या ठेवा. दहा मुलांना शून्य ते नऊ असे कप्पे करून बसवा. आधी एककाप्रमाणे वाटा, क्रमाने गोळा करा, मग दशकाप्रमाणे वाटा आणि पुन्हा गोळा करा. यादी लागलेली दिसेल. नंतर एका मुलाला सांगा की दुसऱ्या फेरीआधी आपल्या कप्प्यातील चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून दे, आणि कोणत्या चिठ्ठ्या जागा बदलतात ते पाहा. दुसऱ्या गटाला नावे एका कागदावर आणि संख्या सुट्या चिठ्ठ्यांवर द्या. क्रम लावून झाला की एखाद्या पाड्याची संख्या विचारा. उत्तर शोधताना मुले एकमेकांकडे पाहू लागतील, तेव्हा फळ्यावर ‘सॉर्ट’ आणि ‘एसॉर्ट’ हे दोन शब्द लिहायला हरकत नाही.